तीन फुटांवरचं निळं सूत

१

घिसाईचं कुठलंही काम उकंडा एकाच पद्धतीनं सुरू करायचा. चपला दाराबाहेर काढायच्या, कोब्यावर बादलीभर पाणी ओतायचं आणि बिडी पेटवून पाणी कुठं जातं ते पाहत बसायचं. पाणी जिथं थांबत नाही ती जागा उंच. तिच्याभोवती खडूनं गोल मारायचा, मशीन लावायचं, गोलातली जागा खाली येईपर्यंत घासायचं. मग पुन्हा पाणी. बत्तीस वर्षं हेच. या बत्तीस वर्षांचा त्याला इतका माज होता, की ऐकणाऱ्याला वाटावं सिमेंटचा शोध यानंच लावला.

या वेळचं काम वणीच्या बाहेर, चंद्रपूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पूनमसिंग शेठचं नवं गोदाम, चाळीस बाय साठ. मागचं शटर कुलूपबंद, पुढं एकच दरवाजा, आणि उजेडाला वर जाळीचे चार झरोके. खाली चार इंचांचा काँक्रीटचा कोबा. तो घासून सपाट करून द्यायचा, मग रंगाचा थर मारणारी माणसं नागपूरहून येणार होती.

मशीनची केबल धरायला उकंडाची पोरगी अंजू होती. वय वीस. सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातून ती उठली होती, म्हणजे उठवली गेली होती. दिवाळीत उकंडाचा जोडीदार काम सोडून सुरतेला गेला, आणि बाप, मोठा काका अन् मामा असे तिघं ओट्यावर बसून ठरवून मोकळे झाले की अंजूनं आता बापासोबत जावं. ठरवणं चालू असताना तिला चहा ठेवायला आत पाठवलं होतं. तो चहा पीत काका म्हणाला होता, "पोरीच्या जातीले लेव्हल कायले पाह्यजे कागदावर?"

अंजूनं तेव्हा कप आदळले होते. पण आली. कारण जानेवारीत उकंडा एका साइटवर चक्कर येऊन घासलेल्या सिमेंटच्या लगद्यात तोंडावर पडला होता, आणि निघताना आई, नलू, एवढंच म्हणाली होती, "त्याले एकटं सोडू नको व. शनवारी सोबत घेऊनच ये."

अंजूनं मनाशी हिशेब मांडला होता. शनिवारी बापाला धड घरी पोचवायचं, आईच्या हवाली करायचं, रविवारी बॅग उचलून यवतमाळचं कॉलेज गाठायचं. मग ओट्यावर बसून कोणी काहीही ठरवो.

सोमवारी उकंडानं भिंतीवर सूत मारलं. निळीत बुडवलेला दोरा दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचा, मधून ओढून सोडायचा, की भिंतीवर निळी रेघ उमटते. चारी भिंतींवर ती एका उंचीला मारली, की काम संपेपर्यंत मापं तिच्यावरून. बाकीचे मिस्त्री त्यासाठी टेप धरतात. उकंडा भिंतीला लागून अनवाणी उभा राहायचा आणि पट्ट्याच्या पितळी बक्कलाशी बोट टेकवायचा.

"तीन फूट," तो म्हणाला. "लाव तुया टेप."

अंजूनं लावला. तीन फूट. एक सूतही इकडं नाही की तिकडं नाही. उकंडा दात काढून हसला. तो असा हसला की अंजूला त्याचे दात मोजून पाडावेसे वाटत.

"एक सांगू का बा? खोलगट जागा भराची असते. त्या कोपऱ्यात माल भर अन् मोकळा हो. पह्यल्याच वर्षी शिकोलं आमाले."

"भरणं म्हंजे चोरी. सगळ्यात खोल जागा धराची, बाकी सारं तिच्यावर आणाचं."

"असं कोनी करत नाई."

"म्हनून कोनाचा कोबा टिकत नाई," उकंडा म्हणाला आणि मशीन सुरू केलं. त्या आवाजात वाद घालायची सोय नसते. त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

२

मंगळवारी अंजू कडा घासत होती. मोठं मशीन भिंतीपर्यंत पोचत नाही, म्हणून भिंतीलगतची वीतभर जागा गुडघ्यांवर बसून हातमशीननं घासावी लागते. ते काम अर्थातच तिच्याकडं.

गिलावा जिथं संपतो, तिथं खाली एक उघडी पट्टी दिसत होती. कोबा जिथून घासून खाली जातो तिथं भिंतीवर अशी कोरी रेघ उमटतेच. पण ती दोऱ्याइतकी बारीक असते. ही दोन बोटं मावतील एवढी होती.

तिनं टेप काढला. निळ्या सुतापासून खाली कोब्यापर्यंत तीन फूट दीड इंच.

पुन्हा लावला. समोरच्या भिंतीला लावला. चारी कोपऱ्यांत लावला. सगळीकडं तीन फूट दीड इंच.

टेपच्या टोकाचा पत्रा ढिला होतो कधी कधी. पण ढिला झाला तर सूतभर फरक पडतो, दीड इंच नाही. तिनं डोक्यात गुणाकार केला. चाळीस गुणिले साठ, दीड इंच जाडी. तीन ब्रास माल निघाला असता, तीन ट्रॅक्टर भरून. बाहेर बाभळीखाली त्यांनी दोन दिवसांत ओतलेला लगदा पाच बादल्या होता. तिनं दारातून डोकावून पाहिलं. पाचच.

"बा, इकडं ये. सूत वर गेलं."

"सूत कुठं जाईन व? त्याले पाय हायेत का?"

तो आला, भिंतीला लागून उभा राहिला, कमरेशी बोट लावलं. बक्कल आणि निळी रेघ बरोबर एकमेकांसमोर.

"तीन फूट. तुया टेप पाण्यात टाक."

अंजू त्याच्या शेजारी उभी होती. तिची नजर त्याच्या कानाच्या पाळीला लागायची. तशी घरात कितीदा लागली असेल, भांडताना तर रोजच. आता तिच्यासमोर त्याच्या शर्टाची कॉलर होती.

पाठ वाकली असेल माझी, तिनं स्वतःला सांगितलं. दिवसभर गुडघ्यांवर आहे.

३

बुधवारी आत जाताना ती ठेचकाळली. दाराचा उंबरा सोमवारी कोब्याच्या बरोबरीत होता. आता तिथं एक पायरी होती. पाच इंच.

कोबा चार इंचांचाच होता. म्हणजे पाच इंचांवर माती लागायला हवी होती. मुरूम, किंवा वणीची ती काळी जमीन. पण खाली तोच कोबा होता, तोच राखाडी रंग. दरवाज्यापासून चार पावलांवर एक चिंचोक्याएवढी तांबडी गिट्टी सोमवारीच उघडी पडली होती. ती तिथंच होती, तेवढीच. पाच इंच घासल्यावर ती केव्हाच पीठ होऊन गेली असती.

मग तिला खाणी आठवल्या आणि जरा बरं वाटलं. या भागात खाली कोळशाच्या जुन्या खाणी आहेत, जमीन बसते, घरं तडकतात, कोणालाही विचारा. बसली असेल जमीन. ती बाहेर गेली, गोदामाला पूर्ण फेरी मारून आली. पाया जागच्या जागी. भिंतीला केसाएवढी चीर नाही. गोदाम बसलं नव्हतं. आतली जमीनच तेवढी गेली होती.

दुपारी पूनमसिंग शेठ आला. बूट खराब होतील म्हणून उंबऱ्यावरच उभा राहिला.

"वा, उकंडाभाऊ! आरसा करून टाकला."

"अजून आरसा नाई शेठ. अजून पाणी वळून राह्यलं."

"शेठ," अंजू मशीनमागून ओरडली, "हा कोबा खाली गेला. तुमीच पाह्या ना, पायरी झाली इथं."

शेठनं तिच्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. तो उकंडाला म्हणाला, "हे लेकरू काहून आणलं इथं?"

"कोनतं लेकरू?"

"ही. अशी पोरं कामाले लावता, उद्या कोनी फोटो काढला तर मी जाईन ना अंदर. कितवीत हाये पोरी तू?"

अंजू हसली. मग तिला कळलं की तो गंमत करत नाहीये. "वीस वर्षांची हावो मी," ती म्हणाली.

शेठ तिच्याकडं पाहत राहिला, मग उकंडाकडं, पुन्हा तिच्याकडं. त्यानं रुमालानं मान पुसली. "बाहेर ये बरं, तिथून नीट दिसत नाई," तो म्हणाला. ती पायरी चढून उंबऱ्यावर त्याच्या शेजारी उभी राहिली. तिचं डोकं त्याच्या डोक्याच्या बरोबरीला आलं. शेठ दोन पावलं मागं सरकला. शनिवारी माणसं येतात म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. त्यानं गाडी वळवली नाही, थेट रस्त्यापर्यंत उलटी नेली.

"बा, चल. निघू आपण."

"अर्ध्यातून कोबा सोडलेला माणूस दाखव मले," उकंडा आतून म्हणाला. "तो म्या नाई."

४

गुरुवारी तिनं आईला फोन लावला. काय सांगायचं ते कळत नव्हतं, म्हणून तिनं भलतंच विचारलं.

"आई, बाची पँट धुतली का तू निघाच्या आधी? लय आटली."

"नाई व. तीच घालून गेलता, मळकी. काहून?"

"काई नाई."

पँटची मोहरी सोमवारी त्याच्या टाचेखाली येत होती, लगद्यात लोळत होती. आता ती पोटरीच्या वर होती. त्याखालचे पाय गुडघ्यापासून राखाडी लगद्यानं माखलेले होते, त्यामुळं ते नीट दिसत नव्हते. अंजू त्यांच्याकडं नीट पाहतही नव्हती.

उंबरा आता तिच्या मांडीला लागत होता. बादली पालथी घालून ती चढायची. उकंडा मात्र जेवायलाही वर आला नाही. डबा तिनं आत नेऊन दिला, त्यानं उभ्यानंच खाल्ला. खाताना त्याची नजर कोब्यावर फिरत होती, एखादा माणूस ताटात भाकरी असून दुसऱ्याच्या ताटाकडं पाहतो तशी.

"बा, उंबरा पाह्य. कुठं गेला तो?"

"उंबऱ्याचं माप कोन घेते? माप सुताचं." तो भिंतीशी गेला. बक्कल, रेघ. "तीन फूट."

सूत अंजूच्या हनुवटीशी होतं.

दुपारी दोनला वीज गेली. मशीन घरघरत फिरलं, मंदावलं, थांबलं. बाहेर रस्त्यावर कोळशाचे ट्रक चालले होते, तो आवाज कुठून तरी फार वरून आल्यासारखा येत होता.

मशीन थांबलं होतं. घासणं थांबलं नव्हतं.

तिला आधी वाटलं, कानात भरलाय आवाज. दिवसभर मशीनजवळ राहिलं की तासभर कानात तो चालतोच. तिनं कानांत बोटं घातली. आवाज गेला. बोटं काढली, पुन्हा आला. म्हणजे कानात नव्हता. मशीनसारखा घाईचाही नव्हता. हळू, एका लयीत, कोणी हातानं दगड फिरवत असावं तसा. ती वाकली, तशी तो जवळ आला. तिनं कोब्यावर तळवा टेकवला.

खालून येत होता. बरोबर तिच्या पायांखालून. तळव्याला बारीक मुंग्या येत होत्या.

"बा, तुले ऐकू येते?"

उकंडा पाठमोरा उभा होता. मान किंचित तिरकी. "चांगला हात हाये," तो म्हणाला.

"कोनाचा?"

वीज आली, मशीन सुरू झालं, आणि त्याला उत्तर द्यायची गरज उरली नाही.

त्या संध्याकाळी ती मोटारसायकलच्या किल्ल्या हातात घेऊन बराच वेळ बाभळीखाली बसली. राळेगावचा, घरचा रस्ता समोर होता. गावी जाऊन माणसं आणावीत? काय सांगणार होती ती? बाप काम करतोय म्हणून? ओट्यावरचे काका-मामा पोट धरून हसले असते. आणि बाला इथं एकटं टाकून जायचं तर तिच्या गैरहजेरीत कोबा किती खाली जाईल, याचं माप तिच्याकडं नव्हतं. किल्ल्या तिनं खिशात टाकल्या. उद्या दुपारपर्यंत बोलून बाहेर काढायचा. नाही आला तर ओढून. बत्तीस वर्षांचा माज असला तरी वजन साठ किलोच होतं त्याचं.

५

शुक्रवारी ती केबल धरून आत उतरली. उतरली म्हणजे उंबऱ्याला लोंबकळून उडी मारली. सूत तिच्या डोक्याच्या दोन हात वर होतं. उकंडाच्या बक्कलाशी होतं. ती त्याच्याजवळ गेली तेव्हा तिचं डोकं त्याच्या मांडीला लागलं, आणि तिला एकदम तो वास आला, बिडीचा आणि ओल्या सिमेंटचा, जो ती चार वर्षांची असताना त्याच्या पायाला मिठी मारली की यायचा. तो वास तिला तेव्हा फार आवडायचा.

"बा, मले बरं वाटून नाई राह्यलं. दवाखान्यात ने."

"एक पाणी पाहू दे."

त्यानं बादली ओतली. पाणी पसरलं, थांबलं, आणि मग चालू लागलं. भिंतीकडं नाही, कोपऱ्याकडंही नाही. ते तिच्याकडं आलं. चारी बाजूंनी बारीक धारा तिच्या पायांशी आल्या आणि घोट्याभोवती उभ्या राहिल्या.

ती डावीकडं पळाली. पाण्यानं वळण घेतलं. दरवाज्याकडं गेली, पाणी मागून आलं, ओळखीच्या कुत्र्यासारखं.

"हालू नको व," उकंडा वरून म्हणाला. "सापडली."

"काय सापडली?"

"खोल जागा." तो खडू घेऊन वाकला. त्याला वाकायला फार वेळ लागला. त्यानं तिच्या पायांभोवती एक लहान गोल मारला, मग त्या गोलाबाहेर, हात पोचेल तिथं, रेघा ओढत सुटला. "हे एवढं बरोबर हाये. बाकी सारं वर हाये. सारं इथवर आणाचं."

"बा, मी हावो ती! मी उभी हावो इथं! मले खाली नेऊन राह्यला तू!"

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता, प्रेमळ होता, आणि तो तिच्याकडं पाहत नव्हता, पाण्याकडं पाहत होता. आयुष्यभर हेच केलं यानं. आपल्या मापानं सगळ्यांना धरायचं, कोण कुठं उभं आहे ते पाहायचं नाही, आणि वरून डोक्यावर हात ठेवायचा. तिला एवढा राग आला की त्या रागानंच तिला हलवलं. तिनं त्याचा हात झटकला. दोन बादल्या एकीवर एक पालथ्या घातल्या, मशीनची केबल दाराच्या कडीत अडकली होती तिला धरलं आणि भिंतीवर पाय देत चढली. गुडघे सोलले. उंबऱ्यावर छाती टेकली, मग पोट, मग ती बाहेर पडली, तोवर आत मशीन सुरू झालं होतं.

बाहेर ऊन होतं. मोटारसायकलची सीट तिच्या कमरेला लागत होती, रोज लागायची तशी. पलीकडं ढाब्यावर कोणी तरी टायरची हवा मारत होतं. ती होती तेवढीच होती. तिनं हँडलवर हात ठेवला आणि खिशातल्या किल्ल्या चाचपल्या.

आत मशीन बंद झालं.

६

ती उंबऱ्यावर परत आली, गुडघ्यांवर बसली आणि आत पाहिलं.

उकंडा मधोमध उभा होता. निळं सूत चारी भिंतींवर जसंच्या तसं होतं, पण त्याचं बक्कल सुताशी नव्हतं. आता सूत त्याच्या छातीशी होतं. त्याच्याही ते ध्यानात आलं होतं. तो सारखं कमरेशी बोट लावत होता, भिंतीकडं पाहत होता, पुन्हा बोट लावत होता. माप न जुळलेला बाप अंजूनं पहिल्यांदाच पाहिला.

"अंजे," तो म्हणाला, "चुकलं वाटते."

पाणी त्याच्याकडं वळलं होतं.

"बा, इकडं ये! दाराशी ये!"

तो चालला. खरंच चालला, तिनं पावलं मोजली. बारा पावलं टाकूनही तो मधोमधच होता आणि सूत त्याच्या गळ्याशी होतं. मग डोक्यावर. झरोक्यांतला उजेड भिंतींवर पडत होता, खाली पोचत नव्हता. आधी त्याचा शर्ट अंधारात गेला, मग डोक्यावरचे पांढरे केस. खालून ते हळू, एका लयीतलं घासणं येत होतं, आणि आता ते एका हाताचं नव्हतं.

"बा!"

"हाव," तो खालून म्हणाला. आवाज शांत होता. "तू जाय. मले जमते इथं. जाय तू यवतमाळले."

यवतमाळला परत जायचं तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही.

किल्ल्या खिशात होत्या. रस्ता मोकळा होता. या माणसानं तिचं वर्ष मोडलं, तिचं ऐकलं नाही, एकदाही, आज सकाळीसुद्धा नाही. सोडून गेली असती तर ओट्यावरच्या काका-मामांशिवाय कोणी तिला बोललं नसतं. ती उठली. दोन पावलं गेली.

मग परत आली, पालथी झोपली, उंबऱ्यावरून खांद्यापर्यंत हात खाली सोडला आणि ओरडली, "माप घालू नको, बा! हात दे! नुसता हात दे मले!"

बराच वेळ काही झालं नाही. मग तिच्या पंजात एक पंजा आला.

तिनं दोन्ही हातांनी तो धरला. बाचाच होता, अंगठ्याच्या बाजूला जुना भाजल्याचा वण होता. पण बत्तीस वर्षांचे घट्टे नव्हते. भेगा नव्हत्या. तळहातावर एकही रेघ नव्हती. तो गार होता आणि गुळगुळीत होता, शेवटचा हात मारलेल्या कोब्यासारखा.

"धरला मी," ती म्हणाली. "सोडत नाई मी. तू चढ."

तिनं पाय दाराच्या चौकटीला अडकवले आणि सगळा जीव लावून ओढलं. जड लागलं नाही. पंजा उंबऱ्यावर आला. मनगट आलं, त्यावरचं बंद पडलेलं घड्याळ आलं, त्यामागं हात आला, राखाडी, ओला. ती ओढत राहिली. हात येत राहिला. तिच्या मांडीवर आला, मागं दाराबाहेरच्या मातीवर गेला, आणि कोपर अजून आलं नव्हतं.

"आलो," खालून, फार खालून उकंडा म्हणाला. "ओढ व. आलोच."

अंजूनं डोळे मिटून घेतले आणि ओढत राहिली.